मामांचा एक्स्पोजरचा क्लास: पहिल्या रविवारी कॅमेरा पिशवीतच

अंबाजोगाईत एका जुन्या फोटो स्टुडिओच्या माडीवर हा क्लास भरतो. फोटोला उजेड किती द्यायचा, म्हणजे एक्स्पोजर, ते इथं शिकवतात. सहा रविवार, फी ३,००० रुपये, रोख. वेळ सकाळी ७ ते ९ सांगतात, सुटायला साडेदहा होतात. शिकवणारे पासष्टीचे आहेत, सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. स्टुडिओचं नाव लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "नगं. सहाच्या वर माणसं माडीवर मावत नाहीत. ज्याला शिकायचंय ते हुडकत येतंय." तेव्हा नाव टाकत नाही. बाकी सगळं लिहितो, आवडलं ते आणि खटकलं तेही.

मी पतसंस्थेचा पिग्मी एजंट. दुपारी तीननंतर मशीन गळ्यात अडकवायचं, दुकानं फिरायची, पन्नास-शंभर गोळा करायचे, पावती द्यायची. दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या एका पोराकडून १७,००० ला सेकंडहँड डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ ची लेन्स. घेतल्या दिवसापासून डायल ऑटोवर. त्या काळातली दोन प्रकरणं आधी सांगतो, कारण त्यांच्यामुळंच मी मामांचा जिना चढलो.

पहिलं वेरूळचं. सोळा नंबरचं लेणं, कैलास. सकाळी नऊ-सव्वानऊला दारातून आत शिरलो आणि चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन बघतो तर आभाळ पांढरंफटक आणि देऊळ काळंठिक्कर. एखाद्या फोटोत देऊळ जरा उजळलं असेल तर आभाळाचा पत्ताच नाही. बायकोनं माझ्याच शेजारी उभं राहून मोबाईलवर काढलेल्या फोटोत मात्र दोन्ही दिसत होतं. "अहो, ती पेटी आता कपाटात ठेवा," एवढंच म्हणाली.

दुसरं मेव्हणीच्या हळदीचं. मांडवात एलईडीच्या झालरी, दोन मोठे फोकस. पोरं नाचत होती म्हणून मी पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेला मोड लावला. प्रत्येक फोटोत आडवे काळपट पट्टे. कॅमेरा बिघडला म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडं नेला, त्यानं सेन्सर साफ करायचे ६०० रुपये घेतले. पुढच्या लग्नात पट्टे पुन्हा हजर.

व्हिडिओ बघून शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. चार-पाच महिने रात्री जेवण झालं की तेच. सगळे तो त्रिकोण काढतात: अॅपर्चर, शटर, आयएसओ. माझा पाठ झाला होता, कुणी लेखी परीक्षा घेतली असती तर मी पहिला आलो असतो. पण हातात कॅमेरा घेऊन उभं राहिलं की तीनपैकी आधी कुठल्या चाकाला हात घालायचा तेच सुचायचं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी क्लास सुरू झाला. आम्ही सहा जण: मी, मेडिकल कॉलेजच्या दोन मुली, लग्नात लाईट धरायला जाणारं एक पोरगं, जिल्हा परिषदेच्या शाळेवरचे एक गुरुजी आणि एसटीतून रिटायर झालेले एक काका. तिघांकडं कॅनन, दोघांकडं निकॉन, काकांकडं मुलानं पुण्याहून पाठवलेला नवाकोरा मिररलेस. सगळे नटून-थटून कॅमेरे घेऊन आलेले. मामा म्हणाले, "पिशवीतच राहू द्या ते. गच्चीवर चला."

गच्चीवर मामींनी जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. मामांनी विचारलं, "ह्या कवा वाळतील?" गुरुजी म्हणाले, ते उन्हावर आहे. मामी तिथंच होत्या, त्यांनी पुढचं सांगून टाकलं: ऊन कडक असलं तर दोन दिवसांत, आभाळ आलं तर चार दिवस. आणि बारीक चकतीनं पाडल्या तर लवकर वाळतात, पण हात लावला की मोडतात.

"झालं," मामा म्हणाले, "अर्धा कोर्स हिनंच घेतला." लेन्सच्या भोकातून ऊन किती आत येऊ द्यायचं ते अॅपर्चर. किती वेळ ठेवायचं ते शटर. आणि कुरडई किती बारीक पाडायची ते आयएसओ: बारीक पाडली की थोड्या उन्हात काम होतं, पण माल ठिसूळ. आयएसओ वाढवला की थोड्या उजेडात फोटो येतो, पण दाणे दिसायला लागतात.

मला हे भारी आवडलं, तरी एका जागी ते लंगडं आहे, हे नंतर कळलं. आयएसओ वाढवल्यानं सेन्सरवर जास्त उजेड पडत नाही की सेन्सर जास्त हावरा होत नाही. पडलेल्या उजेडाचा जो काही सिग्नल असतो तो कॅमेरा मोठा करून दाखवतो. देवळात कीर्तनकार हळू बोलायला लागले की मशीनवाला आवाज वाढवतो. त्यांचा आवाज वाढतो आणि मागची घूं-घूं पण वाढते. फोटोतले दाणे म्हणजे ती घूं-घूं. मी हे उदाहरण चौथ्या रविवारी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग पुढच्या बॅचला तूच शिकव." बरं म्हणाले की रागावले, ते कळलं नाही. पण कुरडई काही सोडली नाही त्यांनी.

त्या पहिल्या रविवारी कॅमेरा शेवटपर्यंत बाहेर निघाला नाही. ऊन जरा वर आल्यावर मामांनी खडूनं भिंतीवर लिहिलं: लख्ख ऊन, एफ/१६, शटर आयएसओएवढं. म्हणजे आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, कॅमेऱ्यात १/१२५ धरायचं. एफचा आकडा अॅपर्चरचा; आकडा लहान तितकं भोक मोठं. हा नियम फिल्मच्या काळापासूनचा. पण तो वापरायची मामांची रीत अशी, की आभाळाकडं बघायचंच नाही, स्वतःच्या सावलीकडं बघायचं. सावलीची कड धारदार असली तर एफ/१६. कड पुसट झाली तर एफ/११. सावली जेमतेम दिसत असेल तर एफ/८. पडतच नसेल तर एफ/५.६. बाहेर ऊन आहे पण आपलं गिऱ्हाईक ओसरीच्या सावलीत बसलंय, तर एफ/४.

आठवडाभराचा अभ्यास: कॅमेरा घरी ठेवायचा, जाईल तिथं आकडा मनात धरायचा आणि लिहून ठेवायचा. बाकीच्यांना हे जड गेलं असेल. मला सोपं गेलं, कारण माझं फिरणं ठरलेलं. पावत्यांच्या जुन्या पुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहीत गेलो: किराणा दुकान, बाहेरची पायरी, एफ/४. चप्पल दुकान, छत्रीखाली. रसवंती. भुसार दुकान, आत, ट्यूबलाईट. भुसारवाले शेटजी विचारायचे, "काय लिहायलास रे, माझी बाकी का?"

दुसऱ्या रविवारी मामांनी माझं ते पुस्तक तपासलं आणि चार जागी मला कॅमेरा घेऊन पाठवलं. बाहेरचे आकडे जवळपास बरोबर निघाले. आतले साफ चुकले. भुसार दुकानात मला वाटलेलं, बाहेरच्यापेक्षा असेल चौपट अंधार. प्रत्यक्षात तिथं आयएसओ १६००, एफ/४ आणि १/६० लागलं.

मामांनी पाटीवर हिशेब मांडला. बाहेर: आयएसओ १००, एफ/१६, १/१२५. आयएसओ १०० वरून १६०० म्हणजे चार वेळा दुप्पट. एफ/१६ वरून ११, ८, ५.६, ४, आणखी चार. १/१२५ वरून १/६०, एक. एकूण नऊ. फोटोवाले याला स्टॉप म्हणतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. मी आकड्यांतला माणूस, दामदुप्पट माझ्या तोंडात असते. एक रुपया नऊ वेळा दुप्पट केला की ५१२ होतात. म्हणजे रस्त्यावरून शेटजींच्या दुकानात पाऊल टाकलं की उजेड पाचशे बारावा हिस्सा राहतो, आणि डोळ्याला त्यात काही विशेष घडलं असं वाटतच नाही. बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो, आपण म्हणतो "जरा अंधारं आहे." त्या 'जरा'वर भरवसा ठेवून मी दोन वर्षं फोटो काढत होतो.

हे एक कळल्यावर पुढचं फार सोपं झालं. एफ/८ ला १/१२५, एफ/५.६ ला १/२५० आणि एफ/११ ला १/६०, तिन्हीकडं उजेड तेवढाच. पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घेतल्या काय, पन्नासच्या दहा घेतल्या काय. मोड कशात हवी ते काम बघून ठरवायचं.

तिसऱ्या रविवारी मेडिकलच्या एका मुलीनं सगळ्यांच्या मनातलं विचारलं: आकडा लहान आणि भोक मोठं, हे उलटं का? मामांनी कपाटातून ५० मिलिमीटरची एक जुनी लेन्स काढली, पुढं रिंग असलेली. ती फिरवली की आतली पाती मिटताना डोळ्यांनी दिसतात. "एफ म्हणजे लेन्सची ही ५० मिलिमीटर. तिला आकड्यानं भागा." एफ/२ म्हणजे ५० भागिले २, २५ मिलिमीटर. मामांनी गल्ल्यातून जुना स्टीलचा रुपया काढून लेन्ससमोर धरला, बरोबर तेवढं भोक. एफ/१६ म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर. मामींकडून ज्वारीचा दाणा मागवला. रुपया आणि ज्वारीचा दाणा! माझ्या डोक्यातला सगळा गोंधळ तिथं संपला. ५.६, ८, ११ असे वेडेवाकडे आकडे का, तेही तिथंच कळलं: भोकाचं क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यास १.४ नं भागावा लागतो, म्हणून आकडे १.४ नं गुणत जातात.

मागचं धूसर होणं वगैरे मामांनी पंधरा मिनिटांत उरकलं. रुपयाएवढं भोक असलं की डोळ्यावर फोकस केला तर कान पुसट होतो, दाण्याएवढं असलं की मागचं देऊळही स्पष्ट. सगळ्यात शेवटच्या एफ/२२ ला जायची घाई नको, तिथं सगळंच किंचित मऊ पडतं. या विषयावर व्हिडिओ ढिगानं आहेत, मामांनी वेळ वाया घालवला नाही हेच बरं केलं. एक गंमत मात्र लिहितो. कॅननच्या डायलवर अॅपर्चर आपल्या हाती ठेवायच्या मोडला एव्ही म्हणतात आणि शटरच्या मोडला टीव्ही. निकॉनवर तेच ए आणि एस. काका पहिले दोन रविवार गुरुजींच्या कॅननवरचं टीव्ही म्हणजे टीव्हीला वायर जोडायचं बटण समजत होते. ते टाइम व्हॅल्यूचं टीव्ही आहे.

शटर शिकायला रसवंतीवर नेलं. चरकाच्या चाकाला घुंगरं बांधलेली असतात ना, ते चाक. १/१००० ला चाक जागच्या जागी थिजलं. मामांनी फोटो रसवाल्याला दाखवला, तो म्हणाला, "ह्याच्यात तर लाईट गेल्यावानी दिसायलंय." बरोबर होतं त्याचं. १/३० ला चाक फिरल्यासारखं पुसट आणि रसवाल्याचा चेहरा स्थिर, तो फोटो त्यानं मागून घेतला. १/३० ला माझा हात हलत होता, म्हणून कोपर छातीला टेकवून, दुकानाच्या खांबाला पाठ लावून काढला. हातात धरून काढताना शटर लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा हळू नको, हा जुना नियम. आपल्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला तो आकडा दीडपट करायचा: ५५ वर झूम असेल तर ८० ते ९०, म्हणून सरळ १/१०० धरायचं. लेन्समध्ये हात सावरायची सोय असते, पण ती आपला हात सावरते, समोरचं नाचणारं पोरगं नाही.

याच रविवारी मी हळदीचे पट्टे दाखवले. मामा हसले, सहाशे रुपये ऐकून जास्तच. आपल्याकडची वीज ५० सायकलची. ट्यूबलाईट आणि स्वस्तातले एलईडी त्यामुळं सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही. शटर वेगात असलं की सेन्सर एकदम सगळा उघडा पडत नाही, एक फट वरून खाली सरकत जाते. ती सरकताना दिवा जेव्हा मंद असेल तिथं काळा पट्टा. म्हणून अशा उजेडात १/१०० किंवा १/५० लावायचं, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण उघडझाप मिळते. त्या महिन्यातल्या एका साखरपुड्यात मी १/१०० लावलं. पट्टे गेले. रंगीत झालरींचे काही दिवे वेगळ्याच वेगानं लुकलुकतात, तिथं अजून थोडे येतात. तेवढं चालतं.

चौथा रविवार माझ्या मते सगळ्या फीचा. जिनिंगवर नेलं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात शेवटचा कापूस येत होता, अंगणात माणसाच्या दुप्पट उंच ढीग. मामा म्हणाले, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या मीटरवरचा काटा मध्यावर आणा आणि ढिगाचा फोटो काढा, फ्रेम भरून. काढला. कापूस करडा, धुरकट, पावसात भिजल्यासारखा. व्यापारी शेजारीच उभे, स्क्रीनवर बघून म्हणाले, "आरं, माझा माल काळा केलास की! हा फोटो कुणाला दाखवू नगंस, भाव पडंल."

मग मामांनी सांगितलं की मीटरला पांढरं-काळं कळत नाही. त्याला समोर जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरून तो चालतो. जो पृष्ठभाग १८ टक्के उजेड परत टाकतो, तसलं करडं. कापूस दाखवला तर म्हणतो उजेड फार झाला, कमी करा. म्हैस दाखवली तर म्हणतो अंधार आहे, वाढवा. तेव्हा पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे, मीटरच्या सल्ल्याच्या उलट. कापसाला दीड स्टॉप अधिक केलं आणि ढीग पांढरा झाला. येताना गेटजवळ एक म्हैस बांधली होती. ती मीटरच्या म्हणण्याप्रमाणं राखाडी आली, एक स्टॉप उणे केल्यावर काळी. धोतर-फेट्यातले म्हातारे, शाळेचे पांढरे सदरे, औरंगाबादचा बीबी का मकबरा, माझे हे सगळे जुने फोटो मळकट का होते, ते त्या म्हशीसमोर उभं राहून कळलं. (संभाजीनगर म्हणायला पाहिजे, माहीत आहे. तोंडात बसायला वेळ लागतो.)

आता जे खटकलं ते.

वेळ पाळत नाहीत. नऊचा क्लास साडेदहाला सुटतो, आणि त्यातला पाऊण तास अंधाऱ्या खोलीतल्या गोष्टींत जातो. ३६ फोटोंचा रोल, लाल दिवा, कुठल्या आमदाराच्या लग्नात काय झालं. ऐकायला गोड आहे, पण मुलींना मेसचा नाश्ता चुकवावा लागायचा. लिहिलेलं काही देत नाहीत; भिंतीवरचं खडूचं आपणच फोटो काढून घ्यायचं. जिना इतका उभा आहे की काका दोनदा मध्येच बसले.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती आणि पांढरं किती ते दाखवणारा स्क्रीनवरचा डोंगरासारखा आलेख, शिकवलाच नाही. "चष्मा लावून डोंगर बघायचा व्हय," म्हणतात. इथं मामा चुकतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्चच्या उन्हात कॅमेऱ्याचा स्क्रीन काळा दिसतो, त्याच्यावर बघून उजेड कमी-जास्त ठरवायला गेलं की घरी आल्यावर फसगत. तो डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटला की पांढरं जळालं, एवढं एका मिनिटात सांगून झालं असतं. तेच रॉ फाइलचं, म्हणजे सेन्सरवर जे पडलं ते जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलचं. मामांना वाटतं रॉमध्ये काढणं म्हणजे आळस. जेपेगमध्ये जळालेलं आभाळ परत येत नाही, रॉमध्ये थोडंफार ओढून आणता येतं. नव्या माणसाला तो आधार मोठा असतो.

आणि ऑटो आयएसओला ते शिवी देतात. मी लग्नात शटर १/१०० आणि एफ/४ स्वतः लावतो, आयएसओ ३२०० पर्यंत कॅमेऱ्यावर सोडतो. मांडवातून दारात, दारातून मांडवात पळताना दर वेळी तिसरं चाक कोण फिरवणार? यावर आमचं अजून जमलेलं नाही.

वेरूळचं कोडं मामांनी फोटो न बघताच सोडवलं. "किती वाजता गेला होतास?" नऊला. "कैलासाचं तोंड पश्चिमेला हाय. सकाळी सूर्य देवळाच्या पाठीमागं. तू सावलीची बाजू काढायलास आणि मागं आभाळ पेटलेलं. कुठला कॅमेरा धरंल दोन्ही?" मोबाईल धरतो, कारण तो एका दाबात कमी-जास्त उजेडाचे बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतो. हे मामांना मान्य आहे, कौतुक नाही. मी मे महिन्यात पुन्हा गेलो, दुपारी साडेतीनला, टोपी घालून. ऊन समोरून देवळावर. आयएसओ १००, एफ/८, सोळाच्या नियमानं शटर १/५०० येत होतं. हा आकडा मीटरचा नाही, म्हणून इथं काळ्याला उणे नको; दगड काळा, त्यातलं कोरीव काम दिसावं म्हणून एक स्टॉप जास्त देऊन १/२५०. बायकोनं यावेळी मोबाईल पर्समधून काढला नाही. उन्हामुळं असेल.

सहाव्या रविवारी परीक्षा. हत्तीखान्यात. अंबाजोगाईबाहेरच्या कुणाला माहीत नसेल तर सांगतो, जयंती नदीच्या काठाला खडकात कोरलेलं लेणं आहे. मोकळ्या अंगणात दगडी हत्ती, बाजूला खांबांचा काळोखा मंडप. उजेड शिकायला याच्याइतकी कठीण जागा वेरूळला जाऊनही मिळायची नाही. मामांनी प्रत्येकाच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावली. काकांच्या मिररलेसला तेवढं पुरेना, त्यात बघायच्या खिडकीतही उजेड आधीच दिसतो. ती सेटिंगमधून बंद करायला अर्धा तास गेला. मग डायल एमवर, म्हणजे तिन्ही आकडे आपल्या हातानं, बारा फोटो, परत बघणं नाही. जुन्या रोलमध्ये ३६ तरी मिळायचे, असं गुरुजी पुटपुटले.

आधी हत्ती. सावली धारदार, एफ/१६ ऐवजी एफ/८ आणि १/५००. मग मंडपात. आयएसओ १६००, एफ/४, खांबाला टेकून १/३०. आतून बाहेर बघणारा एक काढला, खांब काळे आणि दारात हत्तीची पाठ उन्हात. शाळेची दोन पोरं हत्तीच्या सोंडेवर चढलेली दिसली म्हणून पळत बाहेर आलो आणि तीन फोटो सटासट काढले. त्या वेळी वाटलं, हेच सगळ्यात भारी.

माडीवर येऊन पट्ट्या काढल्या. बारातले पाच बरोबर. हत्ती काळा, खरबरीत, छिन्नीच्या खुणा दिसतील असा. दोन हाललेले, दोन अंदाजानं चुकलेले. आणि सोंडेवरच्या पोरांचे तिन्ही पांढरे, कोरा कागद. मंडपातून पळत येताना शटर आणि अॅपर्चर बदललं होतं, आयएसओ १६०० वरच राहिला. चार स्टॉप, सोळापट उजेड जास्त. ती पोरं परत कुठं सापडणार?

मामा ओरडतील असं वाटलं. ते आत गेले आणि बिस्किटाच्या डब्यातून दोन निगेटिव्हच्या गुंडाळ्या घेऊन आले. १९९३ चा भूकंप झाला त्या सकाळी, ३० सप्टेंबरला, ते मोटारसायकलवर किल्लारीकडं गेले होते. आदल्या आठवड्यात लग्नासाठी ४०० चा रोल वापरलेला, कॅमेऱ्यावरची एएसएची (आयएसओचं जुनं नाव) चकती तिथंच. आत रोल १०० चा. मीटर चारशेच्या हिशेबानं बोलत राहिलं आणि दोन्ही रोल दोन स्टॉप कमी उजेडाचे निघाले. मामांनी एक पट्टी खिडकीकडं धरली. काचेसारखी, जवळपास काहीच नाही. नीट बघितलं तर एका चौकोनात बाजेच्या चार पायांसारखं काहीतरी. "ओढून छापता आलं असतं थोडं," म्हणाले, "पण छापले न्हाईत."

डबा बंद करून ठेवला आणि मुलींच्या फोटोंकडं वळले. त्यातल्या एकीचे बारातले आठ बरोबर होते. सगळ्यांत जास्त तिचेच.

घ्यावा का हा क्लास? ज्याला लग्नाचे काम करून पैसे कमवायचेत त्यानं इथं येऊ नये; फ्लॅश नाही, एडिटिंग नाही, अल्बम नाही. लाईट धरणारं पोरगं तिसऱ्या रविवारनंतर आलंच नाही आणि त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. कॅमेरा घेऊन वर्ष झालंय, डायल अजून ऑटोवर आहे आणि त्रिकोण पाठ आहे, अशा माणसानं यावं. ३,००० मला महाग वाटले होते, जिनिंगवरून येताना वाटेनासे झाले. मी पाचपैकी चार देईन. एक हिस्टोग्रामचा आणि उशिराचा मिळून कापला.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात. जाताना काळी चिकटपट्टी स्वतःची न्या. मामा त्यांची लावली तर वीस रुपये वेगळे घेतात.